सागरतीरींच्या सहली : बंद कराव्या कीं शिकवाव्या ?

शाळेच्या वार्षिक सहलीचा विषय निघाला, कीं अलीकडे कित्येक पालकांच्या तोंडून पहिला प्रश्न येतो तो हा, कीं "समुद्राकडे तर नेत नाहींत ना ?" हा प्रश्न अनाठायीं आहे असें कोणीहि समंजस मनुष्य म्हणणार नाहीं. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेल्या विद्यार्थ्यांपैकीं १४ जण समुद्रांत बुडून मृत्यु पावले. आम्हां शाळकरी मुलांहून ते फार मोठे नव्हते. अशी वार्ता कानीं आल्यावर आईबापांच्या काळजाचा ठोका चुकला, आणि समुद्र व सहल हे दोन शब्द एका वाक्यांत उच्चारण्याचीहि चोरी झाली, तर त्यांत नवल कसलें ?

तथापि भीतीनें सल्ला द्यावा, निवाडा करूं नये. "समुद्राकडे नेऊंच नका" या मताशीं आम्ही सहमत नाहीं. "समुद्र शिकविल्यावांचून नेऊं नका" असें आमचें म्हणणें आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत ज्या महाराष्ट्रास सागरकिनारा लाभला आहे, तेथील मुलांनीं समुद्र केवळ भूगोलाच्या पुस्तकांतील निळ्या रंगांत पाहावा, हें शिक्षण नव्हे. शिवाय आज न नेलेलीं मुलें उद्यां मोठीं होऊन आपल्याआपण तेथें जाणारच. आणि तेव्हां त्यांच्याबरोबर ना गुरुजन असणार, ना समुद्राचें ज्ञान. हें आमचें मत आम्ही रायगड जिल्ह्यांतील दोन स्थळांच्या आधारें मांडूं इच्छितों. एक हरिहरेश्वर व दुसरें त्याच्या उत्तरेस असलेलें जंजिरा बेट.

हरिहरेश्वर हें श्रीवर्धन तालुक्यांतील क्षेत्र. महाबळेश्वरीं उगम पावलेली सावित्री नदी येथें अरबी समुद्रास मिळते; खाडीच्या पलीकडच्या तीरावर बाणकोटचा किल्ला आहे. या क्षेत्रास दक्षिण काशी असें म्हणतात. श्रीवर्धनच्या भट घराण्याचें, म्हणजे पुढें पेशवेपदास चढलेल्या घराण्याचें, हें कुलदैवत. हरिहरेश्वर व काळभैरव यांचीं देवळें टेकडीच्या पायथ्याशीं आहेत. परंतु या स्थळाचें खरें वैशिष्ट्य देवळांच्या मागें आहे. तेथून पायऱ्या चढून गेलें, कीं टेकडीच्या माथ्यावरून दुसऱ्या अंगास उतरण्याची वाट लागते. दोन्ही बाजूंस उभे कातळ, मध्यें अरुंद खिंड, तींतून खालीं जाणाऱ्या पायऱ्या, आणि त्यांच्या टोंकास एकदम उघडा समुद्र ! तेथून खडकाच्या सपाट फरसावरून टेकडीस वळसा घालीत यात्रेकरू पुन्हां देवळाकडे येतात. गायत्रीतीर्थ, शुक्लतीर्थ, विष्णुपद अशीं स्थानें या वाटेवर दाखवितात. हीच येथील प्रदक्षिणा.

इतर देवळांची प्रदक्षिणा मनास येईल तेव्हां घालावी. येथें तसें नाहीं. ही वाट फक्त ओहोटीच्या वेळीं मोकळी असते. भरतीस ती पाण्याखालीं जाते. भक्त कितीहि श्रीमंत असो, कितीहि दुरून आलेला असो, त्याची गाडी किती वाजतां सुटावयाची असो, समुद्र त्यास वाट देईल ती आपल्या वेळीं. आमच्या शाळेंत नाना धर्मांचीं मुलें एका बाकावर बसतात. कोणास या वाटेवर देव भेटेल, कोणास केवळ खडक भेटतील. परंतु नियम सर्वांस एकच आहे. तो श्रद्धावंतासहि सवलत देत नाहीं आणि अश्रद्धासहि वगळत नाहीं.

आतां हा सपाट फरस कोणीं घडविला तें पाहूं. हे काळे खडक सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूपृष्ठ फोडून वाहिलेल्या लाव्ह्यापासून झालेले आहेत. टेकडीच्या पायथ्यास लाटा युगानुयुगें धडका देतात. पायथा पोखरला जातो, वरचा कडा ढांसळतो, आणि कडा असा मागें मागें सरत गेला म्हणजे त्याच्या जागीं सपाट ओटा उरतो. खडकाच्या उभ्या भिंतींवर मधमाशांच्या पोळ्यासारखीं असंख्य छिद्रें दिसतात, तींहि समुद्राचींच करणी. उडालेलें खारें पाणी दगडाच्या सूक्ष्म भेगांत शिरतें, उन्हानें सुकतें, मागें उरलेले मिठाचे स्फटिक वाढतां वाढतां दगडाचा कण कण सोडवितात, आणि अशा रीतीनें ही जाळी कोरली जाते. ओट्यावर जागोजाग वाटोळे खळगे आहेत; लाटांनीं गरगर फिरविलेल्या गोट्यांनीं ते कांतलेले आहेत.

हें सर्व सांगण्याचें कारण असें, कीं ज्यास ही उपपत्ति ठाऊक आहे त्यास धोक्याची निराळी पाटी लागत नाहीं. ज्या फरसावर उभें राहून मनुष्य छायाचित्र काढून घेतो, तो सपाट कां आहे ? समुद्र त्यावरून रोज दोन वेळां चालतो म्हणून ! पायाखालची सोय हीच धोक्याची खूण आहे. हें न जाणतां पाण्याच्या कांठावर पाठ फिरवून उभे राहिलेले कित्येक लोक येथें लाटेनें ओढून नेले आहेत. सूचनाफलक लावलेले आहेत; पण फलक वाचणें निराळें आणि खडक वाचणें निराळें. पहिलें अक्षरओळख असलेल्या कोणासहि येतें. दुसरें शिकवावें लागतें.

भरती केव्हां व ओहोटी केव्हां, हें जाणण्यास फार मोठी विद्या लागते असेंहि नाहीं. कोंकणांत एक साधा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. तिथीचा आंकडा घ्यावा व त्याची पाऊणपट करावी. जितके येतील तितक्या वाजतां पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. तेव्हां सकाळीं व सायंकाळीं सहाच्या सुमारास भरती, आणि मध्यें बाराच्या सुमारास ओहोटी. पंचमीस पांचाची पाऊणपट पावणेचार. म्हणून पहांटे पावणेचारास भरती व सकाळीं दहाच्या सुमारास ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य पक्ष असो, नियम तोच. चंद्र रोज सुमारें ५० मिनिटें उशिरां माथ्यावर येतो व भरतीहि त्याच्यामागून तितकीच उशिरां येते. या नियमांतील पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटें, त्याच्या किती जवळ आहे पाहा! पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास उधाण येतें, म्हणजे पाणी फार चढतें व फार उतरतें. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हां चढउतार दोन्ही बेताचे. आमच्या आजोबांच्या पिढीनें शाळेंत पावकी, निमकी व पाऊणकी पाठ केली होती. त्या पाऊणकीचा असा उपयोग आम्हांस कोणीं सांगितला असता, तर पाढे आम्हांसहि गोड वाटले असते !

कोणी म्हणेल, आतां भरतीच्या वेळा छापील कोष्टकांत मिळतात, मोबाईलवर क्षणांत दिसतात. मग हा जुना हिशेब कशास? आमचें उत्तर असें, कीं कोष्टक अवश्य पाहावें, कारण हा हिशेब ठोकळ आहे व त्यांत अर्ध्या तासाचा फरक सहज पडतो. परंतु कोष्टक पाहावें ही आठवण कोणास होईल ? ज्याच्या मनांत चंद्र व समुद्र यांचें नातें पक्कें झालें आहे, त्यासच. बाकीच्यांच्या खिशांत यंत्र असूनहि तें छायाचित्रापुरतेंच बाहेर निघतें.

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असें कोणीं समजूं नये. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ लिंडिसफार्न नांवाचें एक लहानसें बेट आहे. ६३५ सालीं संत एडन यानें तेथें मठ स्थापिला, आणि त्या मठांतून उत्तर इंग्लंडांत ख्रिस्ती धर्माचा प्रसार झाला. म्हणून त्यास पवित्र बेट असेंहि म्हणतात. आमच्यासारख्या मिशनच्या शाळेस त्याचें स्मरण योग्यच आहे. मुख्य भूमि व बेट यांमधील वाळूची पट्टी दिवसांतून दोनदां समुद्राखालीं जाते. जुने यात्रेकरू ओहोटीची वाट पाहून, रोंवलेल्या खांबांच्या खुणेनें पायीं जात. १९५४ सालीं मोटारीचा रस्ता झाला. पण तोहि भरतीस बुडतोच. रस्त्याच्या तोंडाशीं सुरक्षित वेळांचें कोष्टक लावलेलें असतें, तरीहि घाई करणाऱ्यांच्या गाड्या पाण्यांत अडकतात व त्यांस सोडविण्यास माणसें धांवावीं लागतात. यात्रेकरू थांबत असे. प्रेक्षक थांबत नाहीं. हरिहरेश्वराची कथाहि हीच. आमच्या मतें जुन्या यात्रेंत व नव्या सहलींत खरा भेद भक्तीचा नसून वाट पाहण्याच्या शक्तीचा आहे.

आतां जंजिऱ्याकडे वळूं. हरिहरेश्वराहून किनाऱ्यानें उत्तरेस निघालें, कीं श्रीवर्धन, दिवेआगर व दिघी हीं गांवें लागतात. दिघीहून खाडी ओलांडून आगरदांड्यास उतरावें, कीं राजपुरी जवळच आहे. राजपुरीच्या समोर, शिडाच्या होडीनें थोड्याच वेळांत पोंचावें इतक्या अंतरावर, सुमारें २२ एकरांचें हें बेट तटबंदीनें वेढून उभें आहे. जंजिरा हा शब्दच मुळीं बेट या अर्थाच्या जझीरा या अरबी शब्दापासून आला. परंपरा अशी, कीं चांच्यांपासून रक्षण व्हावें म्हणून राम पाटील नांवाच्या कोळी नायकानें येथें लांकडी मेढेकोट उभारला होता, व पंधराव्या शतकाच्या अखेरीस पिरमखान यानें व्यापाऱ्याचें सोंग घेऊन तो कपटानें घेतला. पुढें दगडी किल्ला झाला. आफ्रिकेंतून आलेल्या सिद्दींनीं तो शतकानुशतकें राखिला, आणि १९४८ सालीं जंजिरा संस्थान मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत तेथें सिद्दी नबाबांचें राज्य चाललें.

या बेटाचा इतिहास वाचतांना आमच्या मनांत एक विचार वारंवार येतो. हा किल्ला कोणाकडून कां जिंकला गेला नाहीं, याचें उत्तर केवळ तटाच्या उंचींत सांपडत नाहीं. तें पाण्यांत आहे. शिवछत्रपतींनीं या सिद्दीवर अनेक मोहिमा केल्या. जवळच कांसा नांवाच्या बेटावर त्यांनीं पद्मदुर्ग उभारविला. त्या कामास लागणारें द्रव्य व धान्य वेळेवर पोंचविलें नाहीं, म्हणून १६७५ च्या जानेवारींत त्यांनीं प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास अत्यंत कडक शब्दांत पत्र धाडलें. जमिनीवरील किल्ल्यास रसद चार दिवस उशिरां पोंचली तर चालतें; बेटावर चार दिवसांचा उशीर म्हणजे काय, हें महाराज जाणत होते. १६७६ सालीं मोरोपंत पेशव्यांच्या मोहिमेंत पद्मदुर्गाच्या लाय पाटील कोळ्यानें रात्रीं होड्यांतून जाऊन जंजिऱ्याच्या तटास शिड्या लाविल्या, असें सांगतात. ठरलेली कुमक वेळेवर आली नाहीं, उजाडूं लागलें, आणि त्यास शिड्या काढून परत यावें लागलें. मोहीम फसली, तरी महाराजांनीं त्याचा गौरव केला. १६८२ च्या आरंभीं संभाजीमहाराजांनीं तर राजपुरीपासून बेटापर्यंत समुद्रांत दगडांची भर घालून सेतु बांधण्याचें काम आरंभिलें. परंतु मोंगल फौजेचें संकट आल्यामुळें त्यांस परत फिरावें लागलें व सेतु अपुरा राहिला.

या सर्व कथांत एक सूत्र आहे. जो वेळ साधील त्याचें बेट. कोळी व सिद्दी हे दोघेहि या पाण्याचे जाणते. म्हणूनच त्यांची झुंज बरोबरीची झाली. कांहीं विद्यार्थ्यांस हा किल्ला आपणांस मिळाला नाहीं याची लाज वाटते, व कांहीं तो अजिंक्य राहिला याचीच फुशारकी मारतात. आमच्या मतें दोन्ही वृत्ति पोरकट होत. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेल्या खलाशांनीं आमच्या किनाऱ्यावर घर केलें, राज्य केलें, येथील मातींत मिसळून गेले. हाहि आमच्याच देशाचा इतिहास आहे. त्यापासून शिकावयाचें तें समुद्राचें ज्ञान, लाज किंवा गर्व नव्हे.

परंतु आजचा प्रेक्षक या बेटावर जाऊन पाहतो काय ? होडी लागते, वाटाड्या पुढें धांवतो, मागून घोळका धांवतो. कलालबांगडी तोफेवर हात ठेवून छायाचित्र झालें, तिचा पल्ला किती मैल तें ऐकून झालें (आणि हा पल्ला दर सांगणाऱ्यागणिक एखादा मैल वाढतो !), समुद्राखालून राजपुरीस जाणाऱ्या भुयाराची कथा झाली, कीं परतीची हांक येते. वाटाड्यास आम्ही दोष देत नाहीं. ज्या गिऱ्हाइकास घाई असते त्यास तो घाईचा माल देतो. पण भुयाराच्या कथेपेक्षां अधिक आश्चर्यकारक गोष्टी तेथें डोळ्यांसमोर आहेत. राजपुरीकडे तोंड करून असलेलें महाद्वार होडी अगदीं जवळ जाईपर्यंत तटाच्या वळणांत दिसतच नाहीं. त्या द्वारापाशीं एका श्वापदानें सहा हत्तींस पंजांत, तोंडांत व शेंपटींत पकडल्याचें शिल्प आहे. चोहोंकडे खारा समुद्र असून आंत गोड्या पाण्याचीं दोन मोठीं तळीं आहेत. हीं तळीं नसतीं तर सर्व तोफा व्यर्थ होत्या. पश्चिमेच्या अंगास समुद्राकडे उघडणारा एक लहान दरवाजा आहे. संकटसमयीं निसटण्याची ती वाट. आणि तटावर उभें राहिलें, कीं दूर पद्मदुर्ग दिसतो, जणूं दोन शत्रु अजून एकमेकांकडे टक लावून पाहत आहेत. एवढें पाहण्यास वेळ हवा, आणि येण्यापूर्वीं थोडें वाचन हवें. एका दिवसांत पांच स्थळें "करणें" ही जी अलीकडची रीत आहे, तींत पाहणें होत नाहीं, केवळ मोजणें होतें.

आमच्या मताविरुद्ध दोन आक्षेप येतील हें आम्ही जाणतों. पहिला असा, कीं सहल ही मौजेची गोष्ट. तिला धड्यांचें ओझें कशास? पण ज्ञानानें मौज कमी होते हा समज खोटा आहे. खडकाची जाळी कशी झाली हें ठाऊक असलेल्या मुलास ती जाळी दुप्पट सुंदर दिसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शिक्षक म्हणतील, "पन्नास मुलें आणि आम्ही चौघे, एखादा जीव गेला तर जबाबदार कोण?" या प्रश्नास आम्ही हलकें लेखीत नाहीं. उत्साहाच्या भरांत मूल शिक्षकाची हांक ऐकत नाहीं, हें आम्ही मुलें इतरांपेक्षां अधिक चांगलें जाणतों. म्हणूनच आमचें म्हणणें आहे, कीं सर्व भार शिट्टीवर टाकूं नये. जें मूल आधीं वर्गांत पाऊणकीचा हिशेब करून आलें आहे, लाट परततांना पायाखालची वाळू कशी ओढली जाते तें ऐकून आलें आहे, त्यास शिक्षकाची हांक जुलूम वाटत नाहीं. ती त्याच्याच हिशेबाचें उत्तर असते.

तेव्हां गुरुजनांस व पालकांस आमची विनंति अशी. सागरतीरींच्या सहली बंद करूं नका; त्या थोड्या करा, पण नीट करा. एका दिवशीं एकच स्थळ घ्या. निघण्यापूर्वीं आठवडाभर भूगोलाच्या, इतिहासाच्या व गणिताच्या तासास त्याच स्थळाचा विचार होऊं द्या. तेथें गेल्यावर गांवांतील एखादा अनुभवी कोळी बरोबर घ्या, आणि पाण्याविषयीं त्याचा शब्द शेवटचा माना. या विषयांत तोच आमचा हेडमास्तर. प्रदक्षिणेच्या वाटेवर ओहोटी चालू असतांनाच उतरावें आणि पाणी परतण्यापूर्वीं वर यावें. पाण्याकडे पाठ करून कोणींहि उभें राहूं नये. समुद्रांत शिरूं नये. पावसाळ्यांत जंजिऱ्यास जाण्याची वाट बंदच असते. त्या दिवसांत हरिहरेश्वराची लाटहि दुरूनच वंदावी.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सहलीचा दिवस. आजपर्यंत तो सुट्टी पाहून, गाडी मोकळी पाहून, परीक्षा टाळून ठरत आला आहे. यापुढें तो पंचांग व भरतीचें कोष्टक पाहून ठरावा. हरिहरेश्वरास जावयाचें तर पंचमी-षष्ठीच्या सुमारास जावें, म्हणजे सकाळच्या उन्हांत ओहोटी सांपडेल व दुपारच्या आंत सर्व मुलें देवळाच्या आवारांत परत असतील. हा हिशेब शिक्षकांनीं करून दाखवूं नये. तो वर्गांतील मुलांकडून करवावा, फळ्यावर मांडवावा, व चुकल्यास पुन्हां करवावा. ज्या वर्गाचा हिशेब बरोबर येईल, तो वर्ग समुद्राकडे जाण्यास लायक झाला असें खुशाल समजावें. आणि ज्याचा येणार नाहीं, त्यानें आणखी एक पंधरवडा थांबावें. समुद्र कोठें जात नाहीं, आणि पंचमी महिन्यांतून दोनदां येते.